नळीत राहिलेले काडतूस

खालापूर तालुक्यातील एका भाईंचे पत्र समोर आहे. खडी, सिमेंट आणि सळईचा त्यांचा व्यवसाय. चौक आणि कर्जतच्या बाजूला फार्महाऊसची कामे बारा महिने चालू असतात, आणि शनिवारी मजुरांचा पगार रोखीने करावा लागतो. मागच्या वर्षी रात्री दोन मोटारसायकलवाल्यांनी त्यांची गाडी अडवली. अल्लाहच्या कृपेने मागून टेम्पो आला आणि ते पळाले. त्यानंतर भाईंनी शस्त्र परवान्यासाठी अर्ज केला, पोलीस चौकशी झाली, अलिबागहून परवाना मिळाला आणि गेल्या महिन्यात बत्तीस बोअरचे एक छोटे पिस्तूल घरी आले. ते विचारतात की होल्स्टर कसले घ्यावे, गोळी चढवून ठेवावी की नाही, आणि आपल्याकडच्या पावसात ते गंजू नये म्हणून काय करावे.

पत्राच्या शेवटी वेगळ्या हस्ताक्षरात दोन-तीन ओळी आहेत. "हे ते कपाटात माझ्या कपड्यांखाली ठेवतात. घरात तीन मुले आहेत, सुट्टीत नणंदेची दोन येतात. मला झोप लागत नाही."

भाई, तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देतो. पण सुरुवात वहिनींच्या ओळींपासून करतो. रस्त्यावर पिस्तूल उपयोगी पडण्याची वेळ तुमच्या आयुष्यात कदाचित एकदाही येणार नाही, आणि येऊ नये. घरात मात्र ते रोज रात्री असणार आहे.

आपल्या भागातील जुन्या लोकांना बंदूक म्हटली की ठासणीची आठवते. भाताच्या शेतात डुकरे शिरत, म्हणून काही घरांत ती पीकसंरक्षणाच्या परवान्यावर असे. आधी दारू, मग चिंधी, मग छरे, आणि वरून गजाने ठासायचे. एकदा बार काढला की सगळी मेहनत पुन्हा पहिल्यापासून. ती भरलेली आहे की रिकामी हे पाहायची पद्धतही सोपी होती. गज नळीत सोडायचा आणि तो तळापर्यंत जातो की अलीकडे अडतो ते बघायचे. खुंटीवरच्या बंदुकीची घरच्यांना जी सवय होती, ती या हळू चालणाऱ्या हत्याराची होती.

तुमचे पिस्तूल त्या जातीचे नाही. त्याच्या मुठीत मॅगझिन बसते, त्यात काडतुसे एकावर एक रचलेली असतात. वरची स्लाइड मागे ओढून सोडली की ती पुढे येताना सर्वात वरचे काडतूस ढकलून नळीच्या मागच्या खोबणीत, म्हणजे चेंबरमध्ये नेते. चाप ओढला की गोळी सुटते, त्याच धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि परत येताना दुसरे काडतूस चेंबरमध्ये नेऊन ठेवते. चाप एकदा ओढला तर एकच गोळी सुटते, पण पुढची भरायचे काम पिस्तूल स्वतःच करते. त्याला अर्ध-स्वयंचलित म्हणतात ते यामुळे.

आता घरात काय होते ते पाहा. मॅगझिनमध्ये समजा आठ काडतुसे होती. तुम्ही वाटेत स्लाइड ओढली, एक चेंबरमध्ये गेले, सात मॅगझिनमध्ये राहिली. घरी येऊन तुम्ही मॅगझिन काढून ड्रॉवरमध्ये टाकले. पिस्तूल हलके लागते, मुठीतली जागा पोकळ दिसते, आणि मन सांगते की झाले रिकामे. ते रिकामे नसते. आठवे काडतूस नळीत आहे आणि बऱ्याच पिस्तुलांत मॅगझिन नसतानाही चाप ओढला की ते सुटते. रिव्हॉल्व्हरचे गोल चाक उघडले की सगळी घरे एका नजरेत दिसतात. पिस्तुलाचे एकच घर असते आणि ते झाकलेले असते. "मी तर रिकामे केले होते" असे म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी नेमके एवढेच केलेले असते.

म्हणून रिकामे करण्याचा क्रम पाठ करा. बोट चापापासून दूर, बाहेरच्या बाजूला सरळ. नळी सुरक्षित दिशेला. आधी मॅगझिन काढायचे. मग स्लाइड पूर्ण मागे ओढायची, आतले काडतूस बाहेर पडू द्यायचे, स्लाइड मागेच अडकवायची आणि चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचे, करंगळी घालून चाचपायचे. उजेड कमी असेल तर दोनदा चाचपा. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि नंतर मॅगझिन काढले, तर एक काडतूस बाहेर पडलेले तुम्हाला दिसेल, समाधान वाटेल, आणि तेवढ्यात मॅगझिनमधून दुसरे आत गेलेले असेल. हा उलटा क्रम अतिशय घातक आहे. थकलेला माणूस तोच करतो.

सुरक्षित दिशा म्हणजे कोणती? पत्र्याची भिंत, प्लायवूडचे पार्टिशन, दार यांना गोळी जुमानत नाही. वरच्या मजल्यावर कोणी असेल तर छतही सुरक्षित नाही. यावर एक साधा उपाय आहे. मोठी बादली काठोकाठ वाळूने भरून घराच्या एका ठरलेल्या कोपऱ्यात ठेवा आणि पिस्तूल भरणे व रिकामे करणे फक्त त्या वाळूकडे नळी धरून करा. तुमच्या धंद्यात वाळूची तरी अडचण नसावी. त्या वेळी त्या खोलीत दुसरे कोणी नको, फोन हातात नको, आणि गप्पा तर मुळीच नकोत.

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे जुहूमध्ये अभिनेता गोविंदा यांच्या पायाला गोळी लागली, हे सर्वांनी वाचले असेल. बाहेरगावी निघण्याच्या घाईत परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटले आणि गोळी सुटली, असे सांगण्यात आले. हत्यार परवान्याचे, माणूस घरात एकटा, शत्रू कोणी नाही. पाय थोडक्यात वाचला. भरलेले हत्यार आणि घाई एकत्र आली की असे होते. जुन्या घडणीच्या अनेक छोट्या पिस्तुलांतही खाली पडल्यावर गोळी सुटू शकते. हातातून निसटलेले पिस्तूल हवेत पकडायला कधीही जाऊ नका. पडू द्या. झेलताना बोट नेमके चापात अडकते.

तुमचा दुसरा प्रश्न इथे आपोआप येतो. गोळी चेंबरमध्ये चढवून ठेवावी का? अनुभवी लोकांत यावर दोन मते आहेत. नव्या मालकासाठी माझे मत एकच आहे: नाही. पगाराची रोकड घेऊन निघताना मॅगझिन आत, चेंबर रिकामे. घरी आल्यावर वाळूच्या बादलीकडे. सेफ्टीचा खटका लावला आहे म्हणून भरलेले चालेल, हा युक्तिवाद करू नका. खटका हा एक सुटा भाग आहे आणि सुटे भाग झिजतात.

आता कपाट. कपड्यांखाली लपवलेली वस्तू मुलांना सापडत नाही असे आपल्याला वाटते. ईदच्या आठवड्यात घरातील कोणती मिठाई कुठे लपवली आहे हे ज्यांना माहीत असते, त्याच मुलांविषयी आपण बोलत आहोत. लपवणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे. भिंतीत बोल्ट मारून बसवलेला लोखंडी लॉकर घ्या. पिस्तूल त्यात रिकामे. काडतुसे दुसऱ्या कुलपात, शक्यतो दुसऱ्या खोलीत. किल्ली तुमच्याच जवळ राहील. ती फ्रीजवर किंवा कॅलेंडरमागच्या खिळ्याला लटकवायची नाही. नंबराचे कुलूप असेल तर मोठ्या मुलाची जन्मतारीख हा नंबर नको, तो पहिला तिथेच प्रयत्न करील.

जत्रेत आणि उरुसात टिकल्यांची पिस्तुले मिळतात, मोबाइलवर दिवसभर गोळीबाराचे खेळ चालतात. आठ वर्षांच्या मुलाला खरे आणि खोटे यात फक्त वजनाचा फरक दिसतो. त्याला मारहाणीने किंवा दरडावून काही समजणार नाही. साधे सांगा: कुठेही, कोणाच्याही घरी असे काही दिसले तर हात लावायचा नाही, तिथून निघायचे आणि मोठ्या माणसाला सांगायचे. हे नणंदेच्या मुलांनाही, आल्या दिवशीच. पाहुण्यांसमोर पिस्तूल काढून दाखवायची सवय असेल तर ती आजच सोडा. मेहुण्याच्या हातात देऊन "वजन बघा" म्हणणे हा तर आपल्याकडचा आवडता प्रकार.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची याविषयीची शिकवण किती बारीक होती, हे पाहून आजही आश्चर्य वाटते. आपल्या भावाकडे हत्यार रोखू नये, थट्टेतही नाही, ही मनाई बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाणाऱ्याने त्यांची टोके हाताने धरावीत, म्हणजे कोणाला ओरखडाही येणार नाही. म्यानाबाहेरची तलवार एकाने दुसऱ्याच्या हातात देण्यासही मनाई आहे. तलवारीच्या जागी पिस्तूल ठेवून वाचले तर सुरक्षिततेच्या पुस्तकातील निम्मी पाने यातच येतात.

वहिनींना काय काय माहीत असावे? पिस्तूल कुठे आहे, ते कोणत्या कुलपात आहे, परवान्याची प्रत कुठे आहे, आणि ते हरवले किंवा चोरीला गेले तर ताबडतोब पोलीस ठाण्यात कळवायचे, हे सर्व. रात्री दाराशी कोणी आले तर त्यांनी ११२ नंबर फिरवायचा आणि मुलांना आतल्या खोलीत घ्यायचे. पिस्तूल काढणे हे त्यांचे काम नाही, कारण परवाना तुमच्या नावाने आहे. आणि भाई, त्यांना झोप लागत नाही ही तक्रार "बायका घाबरतातच" म्हणून उडवून लावू नका. तीन मुलांच्या आईने जे ओळखले ते बरोबर ओळखले आहे.

आणखी एक गोष्ट आहे, ती लोक बोलत नाहीत. घरात कोणी खूप उदास असेल, कर्जाने खचले असेल, तरुण मुलगा परीक्षेत किंवा लग्नाच्या बोलणीत मोडून पडला असेल, तर त्या काळात पिस्तूल घरात ठेवू नका. अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात पावती घेऊन जमा करता येते. स्वतःच्याच मनाची ती अवस्था असेल तरीही. वाईट क्षण बहुधा निघून जातो, पण हाताशी भरलेले हत्यार असेल तर तो क्षण पुरेसा होतो. बोलायला कोणी हवे असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते.

काडतुसांबद्दल एक सूचना. परवान्यावर नुसते "बत्तीस बोअर" असे असते, पण रिव्हॉल्व्हरचे बत्तीस आणि पिस्तुलाचे बत्तीस ही दोन वेगळी काडतुसे आहेत. रिव्हॉल्व्हरचे लांब असते, ते तुमच्या पिस्तुलाचे नाही. खरेदी करताना पिस्तुलाचे, म्हणजे ७.६५ मिलिमीटरचे, असे स्पष्ट सांगून घ्या. नऊ मिलिमीटर सामान्य नागरिकाला मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअर आहे. कोणी स्वस्तात देऊ करत असेल तर त्याच्याशी बोलूसुद्धा नका. विनापरवाना हत्यारासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची कैद आहे.

छोटे पिस्तूल चालवायला सोपे असते हा गैरसमज आहे. नळी आखूड, मूठ लहान, वजन कमी, त्यामुळे हातात ते अधिक उसळते आणि नेम लवकर चुकतो. मनगट ढिले ठेवले तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी अडकते. अंगठा स्लाइडच्या मागे राहिला तर कातडी सोलून निघते. चाप ओढला आणि गोळी सुटली नाही तर लगेच नळीत डोकावू नका, अर्धा मिनिट तसेच सुरक्षित दिशेला धरून ठेवा, काडतूस उशिरा पेटू शकते. आवाज नेहमीपेक्षा बारीक, फुसका आला तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि त्यावर दुसरी झाडली तर नळी फुटेल. हे सर्व वाचून येत नाही. अधिकृत रेंजवर, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली करावे लागते. उल्हासच्या पात्रात बाटल्या मांडून किंवा फार्महाऊसच्या मागे डोंगराकडे तोंड करून "प्रॅक्टिस" करणारे महाभाग आपल्या तालुक्यांत आहेत. डोंगरात गुरे असतात, लाकूडफाट्याला गेलेल्या बायका असतात.

होल्स्टर असे घ्या की त्यात चाप पूर्ण झाकला जाईल आणि वाकल्यावर, गाडीत चढताना पिस्तूल निसटणार नाही. ते कमरेला घट्ट बसले पाहिजे. पँटच्या खिशात किंवा गाडीच्या डॅशबोर्डमध्ये नको. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल झाकलेलेच असले पाहिजे असे २०१६ चे शस्त्र नियम सांगतात. लग्नात, वरातीत, मिरवणुकीत ते काढून दाखवले तरी परवाना जाऊ शकतो. हवेत बार काढून कोणाच्या जिवाला धोका निर्माण केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्हॉट्सअॅप स्टेटसवर पिस्तुलाचा फोटो टाकणाऱ्याने तर चोराला पत्ताच दिला.

ते दुसऱ्याकडे देणे हाही गुन्हा आहे, मग तो ड्रायव्हर असो, मुनीम असो की सख्खा भाऊ. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी बोरिवलीत अभिषेक घोसाळकर यांच्यावर ज्या पिस्तुलाने गोळ्या झाडल्या गेल्या, त्याचा परवाना गोळ्या झाडणाऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होता. पोलिसांनी त्या अंगरक्षकालाही अटक केली.

आणि जमीन. अटल सेतू झाला, विमानतळ झाले, पनवेल-कर्जत रेल्वेमार्गाचे काम आले, तसे कर्जत-खालापुरात गुंठ्याचे भाव चढले आणि बांधावरचे वादही चढले. परवाना मागणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा चोर नसतो, भाऊबंद असतो. उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात २ फेब्रुवारी २०२४ रोजी जमिनीच्या वादातूनच गोळीबार झाला आणि त्या वेळच्या आमदारांना अटक झाली. प्रकरण न्यायालयात आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण तो आवश्यकतेपुरताच. पोलिसांकडे जायला वेळ असेल तिथे तो उरत नाही. पळून जाणाऱ्याच्या पाठीवर गोळी झाडणे हे संरक्षण नव्हे. मोजणीच्या दिवशी, सातबाऱ्याच्या वादात, सोसायटीच्या बैठकीत पिस्तूल घरी लॉकरमध्येच राहिले पाहिजे. तुमच्या शनिवारच्या रोकडीचाही एक उपाय सुचवतो: मजुरांची खाती उघडून पगार मोबाइलवर द्यायला सुरुवात करा. निम्म्या मजुरांनी मान्य केले तरी पिशवी निम्मी होते.

पावसाचे थोडक्यात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीला पाणी सुटते. चामड्याच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल साठवू नका, चामडे ओल धरते. महिन्यातून दोनदा आधी रिकामे करून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, कोरड्या फडक्याने पुसा आणि बंदुकीच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. घामाच्या बोटांचे ठसे आधी गंजतात. काडतुसांना तेल लावू नका, ते आत झिरपले तर काडतूस फुकट जाते. लॉकरमध्ये ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवा. दारूगोळ्याचा साठा परवान्यावर लिहिलेल्या संख्येपेक्षा एकानेही जास्त नको.

कागद राहिले. परवाना आता पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान दोन महिने आधी अलिबागला गेला पाहिजे. तो राज्यापुरता आहे की देशभराचा, हे त्यावरच लिहिलेले असते. उमराहला किंवा गावी जाताना पिस्तूल बंद घरात सोडू नका, जमा करून पावती घ्या. निवडणुकीच्या काळात छाननी समितीकडून जमा करण्याची नोटीस आली तर वाद न घालता जमा करा आणि तीही पावती जपा. परवानाधारकाचा इंतकाल झाला तर पिस्तूल वारसाचे आपोआप होत नाही. ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करायचे आणि ज्या वारसाला हवे त्याने स्वतःच्या नावाने नवा अर्ज करायचा. दुःखाच्या दिवसांत ही गोष्ट कोणाच्या लक्षात राहत नाही आणि महिन्यांनी विधवा बाईकडे पोलीस येतात. म्हणून परवान्याची प्रत, विक्रीची पावती आणि ही सूचना एका पाकिटात घालून वहिनींच्या हातात आजच द्या.